काकूंचा आडाळो आणि दहा डिग्री

धार तपासायला आम्ही वर्तमानपत्राचे कागद कापतो. रविवारी अकरा वाजेपर्यंत मरोळला सावंतकाकांच्या बाल्कनीत कागदाच्या पट्ट्यांचा ढीग जमतो आणि काकू झाडू घेऊन आल्या की आम्ही मुकाट्याने पाय वर घेतो. किश्श्यांचंही तसंच झालंय. चार माणसं दर आठवड्याला हातात सुऱ्या आणि तोंडं मोकळी ठेवून बसली, की ढीग होणारच! फरक एवढाच, की किस्से झाडायला काकू येत नाहीत. उलट अर्ध्या किश्श्यांत त्याच असतात.

आम्ही चौघं म्हणजे तिथल्याच कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले सावंतकाका, सॉफ्टवेअरवाला मिलिंद, दातांची डॉक्टर शिल्पा आणि घाटकोपरहून येणारा मी. मी विमा कंपनीत फायली इकडून तिकडे करतो. धार हा माझ्या आयुष्यातला एकमेव पराक्रम.

*

सुरुवात मिलिंदच्या मशीनपासून झाली. मशीन म्हणजे काय, सुरी एका क्लॅम्पमध्ये घट्ट पकडायची आणि दांडीला बसवलेला दगड तिच्यावरून फिरवायचा. दांडी जितकी खाली, तितका कोन लहान. जितका कोन लहान, तितकी धार पातळ. मिलिंदने ते परदेशातून मागवलं आणि बाळाला पहिल्यांदा देवदर्शनाला आणतात तसं दुपट्यात गुंडाळून काकांकडे आणलं.

काकांनी चष्मा लावला. "किती खाली जातं?"

"पंधरा डिग्री, काका. त्याखाली दगड क्लॅम्पला आपटतो. तसे लोक वीसच ठेवतात."

"वीस डिग्री? ती धार नाही, भिंत आहे रे!"

मिलिंद चहा प्यायला आत गेला. परत आला तर काका कानस घेऊन क्लॅम्पची तोंडं घासत होते. मिलिंदचा चेहरा पांढराफटक!

"काका, वॉरंटी!"

"कशाची? चुकीच्या मापाची?"

अर्ध्या तासात मशीन दहा डिग्रीवर आलं. त्या दिवशी कापलेला टोमॅटो इतका पातळ होता, की शिल्पाने चकतीतून समोरच्या बिल्डिंगचं नाव वाचून दाखवलं. मिलिंदने वॉरंटीचं कार्ड काढलं आणि त्याच सुरीने सरळ दोन तुकडे केले.

*

घरात मात्र काकांना मान नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंची भाजीची सुरी दहा डिग्रीवर नेली आणि सांगायला विसरले. काकू चाळीस वर्षांच्या सवयीने जोर लावायला गेल्या. कांदा कापला, कांद्याखालचं बोट कापलं आणि बोटाखालच्या पोळपाटावरही रेघ उठली.

बोटाला पट्टी बांधून काकू बाहेर आल्या. काकू कुडाळकडच्या, राग आला की त्यांची मालवणी सुटते. "सगळ्या मुंबईच्या सुऱ्यांक धार लावा. माझ्या आडाळ्याक हात लावूचो नाय!"

आडाळो म्हणजे विळी. काकूंना ती आईने दिलेली, सागवानी पाटाची. मासे त्या तिच्यावरच कापतात. पातं इतकं बोथट झालेलं, की सुरमई कापताना काकूंचा खांदा दुखायचा. रात्री त्या खांद्याला बाम चोळायच्या आणि काका ते बघत बसायचे. आख्खी सोसायटी त्यांच्याकडे धारेला रांग लावते आणि घरची विळी तेवढी ते हातात घेऊ शकत नव्हते. एकदा ते मला म्हणाले, "तिला मला रागावू दे रे, पण खांदा का दुखवून घेते?" त्यानंतर त्यांनी गुपचूप विळीच्या वाकड्या पात्यासाठी अर्धगोल दगड बनवून घेतला. तो वर्षभर खोक्यात पडून होता.

*

एकदा माझी मेट्रोत वाट लागली. शेजाऱ्यांच्या सहा सुऱ्या टॉवेलात गुंडाळून घाटकोपर स्टेशनवर पोचलो आणि डोक्यात दुसरेच विचार असल्यामुळे बॅग सरळ एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवली! पुढच्या मिनिटाला माझ्याभोवती चार युनिफॉर्म.

"या सुऱ्या कशाला?" सिक्युरिटीच्या बाईंनी विचारलं.

"मॅडम, धार लावायला चाललोय मरोळला."

त्यांनी एका पात्यावरून अंगठा फिरवला. "याने तर केळंपण कापलं जाणार नाही. कुणाला भीती आहे यांची?"

मी आशेने विचारलं, "मग जाऊ?"

त्यांनी जरा विचार केला. "जाताना एकवेळ सोडलं असतं हो. पण येताना काय कराल?"

तेव्हापासून मी रिक्षाने जातो.

*

धार खरंच लागली का, हे बघायची आणखी एक पद्धत आहे. हातावरचे केस अलगद निघतात का बघायचं. त्यामुळे आम्हा तिघा पुरुषांचे डावे हात गुळगुळीत आणि उजवे जसेच्या तसे. शिल्पा बसल्या बसल्या आमचेच हात वापरते.

मिलिंद बोरिवलीला मुलगी बघायला गेला, तेव्हा पोह्यांची डिश घेताना मुलीच्या आईचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "कातडीचं काही दुखणं आहे का हो?"

आता सरळ 'नाही' म्हणायचं ना! पण मिलिंदने सगळं समजावून सांगायला घेतलं. मग दाखवण्यासाठी त्यांच्या घरची सुरी मागितली. ती इतकी बोथट निघाली, की त्याच्याने बघवेना. त्याने चहाचा कप उलटा केला, बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासायला लागला आणि पाऊण तास घासत बसला. मुलगी समोर बसून मोबाइल बघत होती.

संध्याकाळी नकार आला. पुढच्या रविवारी मुलीच्या आईने मिलिंदकडे आणखी तीन सुऱ्या पाठवल्या.

*

मग आमचे मिरवायचे दिवस संपले आणि सुरमईचा प्रसंग घडला. शिल्पाने आमची सगळ्यात पातळ सुरी घरी नेली आणि सुरमईच्या डोक्यावर चालवली. धारेचा तुकडा उडाला. तो नवऱ्याच्या कालवणात सापडला. दातांच्या डॉक्टरच्या घरात, नवऱ्याच्या दाताखाली!

काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. "दहा डिग्रीला असं व्हायला नको होतं," एवढंच म्हणायचे. रविवारी आम्ही दगड तपासला, दांडी तपासली, पोलाद तपासलं. मोबाइलवरचा कोनमापक बरोबर दहाच दाखवत होता. शिल्पाला तर नवऱ्याने ताकीद दिली होती, घरात सुरी आणायची नाही, लिंबूसुद्धा दाताने फोडायचं.

काकू लादी पुसायला आल्या. आम्ही पाय वर घेतले. बादलीतलं थोडं पाणी सांडलं आणि मशीनखालून सरळ कोपऱ्यातल्या जाळीकडे धावलं.

"बाल्कनीक उतार आसा मा," काकू फडकं पिळत म्हणाल्या. "पाणी जावक. तुमका दिसना नाय?"

शिल्पाने मोबाइल लादीवर ठेवला. दोन डिग्री! मशीनच तेवढं कललेलं, म्हणजे वर्षभर ज्याला आम्ही दहा म्हणून मिरवत होतो, ते आठ होतं. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये केसाच्या जाडीचा हिशेब ठेवलेल्या माणसाने कानाला हात लावला. काकू फक्त "सरका" म्हणाल्या.

*

गेल्या दसऱ्याला आम्ही आपट्याची पानं द्यायला काकांकडे गेलो. काकू दरवर्षी घरातल्या हत्यारांची पूजा मांडतात. कात्री, कोयती आणि काकांचा जुना मायक्रोमीटर. हळदकुंकू लावलं, की त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

या वेळी पाटावर आमचं मशीनही होतं. त्याला झेंडूचं फूल वाहिलेलं. मिलिंद फोटो काढायला वाकला आणि तसाच थांबला.

मशीनच्या शेजारी आडाळ्याचं पातं होतं. सागवानी पाटापासून स्क्रू काढून सुटं केलेलं, तेल लावून पुसलेलं. स्क्रू वाटीत वेगळे ठेवलेले. आणि खोक्यात लपवलेला काकांचा अर्धगोल दगड, तोही तिथेच, त्यालाही कुंकू!

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग नकळत त्यांचा हात पात्याकडे गेला.

"आज हात लावूचो नाय!" आतून आवाज आला. "फाल्या सकाळी."

उद्या तर उद्या, काकांनी हात मागे घेतला. आम्ही चौघंही शहाण्या मुलांसारखे हात मागे बांधून उभे.

"आणि वीस डिग्री," काकू पुढे म्हणाल्या. "तुमची धा-बारा माका नको. माका मासो कापूचो आसा, बोट नाय."

काका स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "अठरा?"

आत कढईवर झारा जोरात आपटला.

"वीस," काका म्हणाले.