दरबारी नाकाला मंजूर तेल

विलीनीकरणानंतर ग्वाल्हेर दरबारचा मोटारखाना मोडला, पण तिथले तेल तपासणारे गृहस्थ काही घरी बसले नाहीत. बंद गळ्याचा कोट घालून ते रोज दहाच्या ठोक्याला बाडा चौकाजवळच्या पेट्रोल पंपावर हजर. कुणी न विचारता तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "मंजूर."

माझ्या नव्या स्कूटरच्या पेट्रोलात त्यांनी मोटारीचं दाट तेल मिसळायला लावलं. "दरबारच्या गाड्यांत हेच घालत होतो." दरबारचं नाव निघालं की आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठ्यांची मान आपोआप लवते. स्कूटर धूर ओकत माधवगंजात बंद पडली. मिस्त्री हसला, "बाबूजी, इसमें पेट्रोल के साथ जल जाने वाला तेल पड़ता है."

मी तणतणत पंपावर परतलो आणि त्यांना हे ऐकवलं.

"जळून जाणारं?" ते खरोखर दुखावले. "अहो, आमचं तेल इंजिनात राहून महिनोन्महिने चाकरी करायचं!"

तरी मी मिस्त्रीने दिलेल्या नव्या पातळ तेलाचा थेंब त्यांच्या बोटावर ठेवलाच. त्यांनी तो बराच वेळ हुंगला.

"तात्पुरतं मंजूर. वरून हुकूम येईपर्यंत."

वर आता कोण उरलंय, हे अगदी ओठांवर आलं होतं; पण मान आधीच लवली होती.