'भाऊ आला' असं मी लिहिलं नव्हतं

ताईच्या सासरी माझं जाणं बंद झालं, त्याला जबाबदार मामा. दुसरं कुणीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडं चूक मोठ्यांनी करायची आणि मान खाली लहानांनी घालायची, अशी पद्धत आहे.

गारखेड्यात मामांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि बापानं मला तिथं नेऊन बसवलं. तिथं मी एकच काम स्वतःच्या डोक्यानं सुरू केलं. घरात नवीन बाळ येणार असलं की मोठ्या लेकरासाठी चित्रांचं पुस्तक. बारा पानं, चित्रात त्याच्याच घरची माणसं आणि शेवटच्या पानावर पाळण्यातलं बाळ. लेकरं लई खूश होतात. वांधा मोठ्यांचा! प्रत्येकाला कसला तरी डाऊट असतोच. त्यामुळं किस्से साचतात, कटिंग मशीनखाली कागदाच्या पट्ट्या साचतात तसे. रोज झाडा, रोज ढीग!

* * *

पहिलं पुस्तक मामांनी तीनदा उलटून बघितलं.

"ह्यात गणपती कुठंय?"

"मामा, पत्रिका नाय ही."

"मंग खाली 'कृपया आहेर आणू नये' तरी टाक. जागा रिकामी दिसायली!"

* * *

एक आज्जी नातवाला घेऊन आल्या. सून आठव्या महिन्यात. पाळण्यातलं बाळ बघून कडाडल्या, "जन्माआधी बाळ काढतेत व्हय रे? नजर लागंल!"

मी बाळ पुसलं.

"आन् आता हे काय? रिकामा पाळणा? रिकामा पाळणा हलवू पण नये, आन् तू छापायलास!"

"मंग आज्जी, ठेवू काय त्यात?"

आज्जींनी विचार केला. "बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतेत की. तोच काढ."

काढला. टोपडं घालून, गालावर तीट लावून. मामा मागून म्हणाले, "बघ, मोठ्या माणसाचं ऐकावं."

नातू पाच वर्षांचा. शेवटचं पान त्यानं बराच वेळ बघितलं. मग आज्जीचा पदर ओढून म्हणाला, "हा नको. दवाखान्यात दुसरा बघू!"

* * *

एक जण कंपनीत सुपरवायझर. बाळ झालेलं होतं, फोटो आणला होता. आईबाप दोघं माझ्यासारखे सावळे, बाळही तसंच. गोड.

"थोडं गोरं करा," साहेब म्हणाले. केलं. "अजून थोडं." केलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तसं बायकोनं थांबवलं.

"आता बास करा हो. अजून गोरं केलं तर तुमच्या आईला माझ्यावर डाऊट येईल!"

* * *

बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, बारशाला कानात सांगायचं, तोवर कुणाला कळू द्यायचं नाही. एक आत्याबाई चार घड्या घातलेली चिठ्ठी पर्समधून घेऊन आल्या.

"आईबापाला पण माहीत नाय. फुटलं तर तूच!"

मी टाइप करेपर्यंत त्या मॉनिटरसमोर ओढणी धरून उभ्या. पुस्तक छापलं, पॅक केलं, घेऊन गेल्या.

पण मामांची पत्रिकेची सवय. नाव छापलं की घरी फोन करून खात्री करायची. मला न विचारता त्यांनी थेट बाळाच्या बापाला फोन लावला.

बारशाला आत्या पाळण्यावर वाकली, कानात कुर्र केलं, आणि ती नाव सांगायच्या आधी अख्खी गल्ली ओरडली!

* * *

मग ताईचं दुसरं बाळंतपण आलं. सासर चितेगावला, सातव्या महिन्यात डोहाळजेवण. थोरली पिहू पहिलीत. तिच्यासाठी मी जीव लावून पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, नुसता चेहरा दिसतोय. खाली लिहिलं, 'बाळ आलं!' भाऊ नाही, बहीण नाही. मुद्दाम.

छापून आणायचं मामांकडं दिलं आणि मी झोपाळा सजवायला आधीच गेलो. फुलांचे दागिने घालून ताई झोपाळ्यावर बसली. मामा पुस्तक घेऊन आले. तीसचाळीस बायकांसमोर पिहूनं बोट ठेवत ठेवत शेवटचं पान वाचलं.

"भाऊ आला!"

टाळ्या पडल्या. ताईची सासू हसत होती. माझं डोकं फिरलं. ह्यांनी तपासणी केली, ह्यांना आधीच कळलंय आणि ह्यांनीच मामांना लिहायला लावलं!

"मावशी, भाऊच आहे हे कसं कळलं तुम्हाला? कुठं नेऊन तपासलं ताईला?"

गाणी थांबली.

"विकी, काय बोलायलास? कुणी कुठं नेलं नाय मला," ताई म्हणाली.

"पुस्तक तू काढलंस," सासू म्हणाली, "आन् चोर आम्ही? आमच्या दारात उभं राहून?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी जिलेबी मोडली आणि खाल्ली.

परत येताना पैठण रोडला गाडीत म्हणाले, "मीच बदललं ते. आशीर्वाद म्हणून. विहीणबाईंना बरं वाटतं."

"मग तिथं का नाही बोललात?"

"चाळीस बायकांसमोर? माझ्या वयाच्या माणसानं?"

ताईला मी फोनवर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "शब्द मामांनी बदलला, विकी. पण संशय तर तूच घेतलास ना?"

मुलगी झाली. बारशाला मला बोलावलं नाही. भाची आता पाच महिन्यांची आहे आणि मी तिला अजून बघितलेलं नाही.