काचेमागचा वरवंटा

परवा इथे जर्मनीत, एर्लांगेनला मैत्रिणीच्या बाळाचं बारसं झालं. वरवंटा कुणाकडेच नव्हता, म्हणून आम्ही लाटण्यालाच टोपडं घालून पाळण्याखालून फिरवलं. सगळ्या हसल्या. मला मात्र हॅनोव्हरचं म्युझियम आठवलं.

काही वर्षांपूर्वी मी तिथे पीएचडी करत होते. एका रविवारी पुण्यात ताईच्या मुलाचं बारसं होतं आणि मला जाता आलं नव्हतं. खोलीत बसवेना, म्हणून मी म्युझियममध्ये शिरले. स्पॅनिश लोक पोचायच्या आधीच्या मेक्सिकोचं दालन अगदी रिकामं होतं. तिथे तीन पायांचा काळा पाटा ठेवला होता, मका वाटून वाटून मधोमध झिजलेला, आणि त्यावर वरवंटा. मी नकळत काचेला तळवा टेकवला.

"बिट्टे, हात नको," पहाऱ्यावरचे आजोबा म्हणाले.

मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "आमच्याकडे बारशाला हा दगड बाळासारखा नटवतात. एकीने द्यायचा, दुसरीने घ्यायचा. आज माझ्या भाच्याचं बारसं आहे."

त्यांनी काचेमागच्या वरवंट्याकडे बोट दाखवलं. "आल्झो, म्हणजे यालाही घ्यायला कुणी नाही," म्हणाले, आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. मी भाच्याचं सांगतेय आणि हे दगडाचं काय घेऊन बसलेत. आता वाटतं, दिवसभर त्या दालनात एकटं बसणाऱ्या माणसाला माझं सगळं कळलं होतं.

परवा टोपडं घातलेलं ते लाटणं माझ्या हातात आलं. पलीकडून मैत्रिणीने हात पुढे केले, तरी मला ते लगेच सोडवेना.