बसमधला न्यायनिवाडा

मंद्रूपहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत माझ्या शेजारच्या काकू मोबाइलवर एका खऱ्या खुनाची डॉक्युमेंट्री बघत होत्या. इयरफोन नव्हते, त्यामुळे निम्म्या बसची फुकटात करमणूक झाली. नवऱ्याने मारून मारून जीव घेतलेल्या त्या बाईसाठी काकू पदराने डोळे पुसत आणि त्याच दमात तिच्या आईबापांचा उद्धार करत.

"पोरगी जीव मुठीत धरून माहेरी आली, आन् परत पाठवलं की वो तिला! काळीज हाय का दगुड?"

सगळी बस हळहळली. न्याय द्यायला एसटीसारखं कोर्ट नाही. मीही जोरात मान डोलावली आणि विचारलं, "कुठं निघालात?"

"हिला सासरी सोडायला." त्यांनी खिडकीशी बसलेल्या लेकीकडे हनुवटी उडवली. लेकीच्या मांडीवर ओटीचा नारळ होता. तिच्या सुजलेल्या मनगटात नव्या हिरव्या बांगड्या रुतल्या होत्या. "रुसून आलती. जावई जरा तापट हाय, पण मनानं लई चांगला."

मग मोबाइल लेकीपुढे धरून काकू कळवळून म्हणाल्या, "बघ की गं, कसले आईबाप असत्यात!"