हैद्राबाद ते अमेरिका, मायच्या हिशोबानं

मी माझ्या सख्ख्या भावावर जळत होते.

आज मायला जाऊन वर्ष झालं. आज तरी खरं लिहून टाकते.

दादा, मायचा सुन्या, सॅन फ्रान्सिस्कोला. मी नार्नूरला शाळेत टीचर. माय तामसीच्या घरात एकटी, कारण "मले कोनाच्याच घरी करमत नाई."

दादा पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याचं तिकीट मीच तिला वाचून दाखवलं. हैद्राबादहून पहाटे साडेचार. पोचणार त्याच दिवशी दुपारी एकला.

मायनं बोटांवर मोजलं. साडेआठ तास.

तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागं असतं, हे मी बोलले नाही. हसू आलं, हसून घेतलं.

मग तिनं सगळ्या गावाला सांगितलं. "तामसीहून हैद्राबाद बसनं आठ तास. तितून अमेरिका साडेआठ. काई लांब नाई बाई. सकाळी फोन केला त रातीले पोरगं दारात."

आणि मी?

दर रविवारी नार्नूर ते उटनूर, उटनूर ते आदिलाबाद, आदिलाबाद ते तामसी. तीन बस. दारात चप्पल काढते न काढते तोच, "सुन्याचा फोन आलता का वं?"

बस मिळाली का, उभी आली का बसून, एका शब्दानं नाही.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी तामसीत पिकलेली.

मागच्या वर्षी एका रविवारी शेजारच्या काकू बसल्या होत्या. माय माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "वंदीचं काय, जवळच रायते. सुन्या पाहा, एवढ्या लांब, पन साडेआठ तासात येते."

माझं डोकं फिरलं.

"साडेआठ नाई माय, एकवीस तास लागते. दुबईले विमान बदलाव लागते. पंधरा हजार किलोमीटर हाये." मोबाईलवर नकाशा उघडून तिच्या नाकासमोर धरला.

मायनं नकाशावर बोट ठेवलं.

"लेकरू एकवीस तास बसून येते?"

सांगू का? मला बरं वाटलं.

त्यानंतर तिनं कुणाला तासांचं सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी ती आदिलाबादच्या दवाखान्यात. मी रजा टाकून उशाशी. "दादाले बोलावू का?" विचारलं.

"नको वं. एवढ्या लांबून काऊन तरास देतं त्याले."

मी एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही. फोनही केला नाही. चार दिवस ती फक्त माझी होती. मला म्हणाली, "तू जेवली का?" मनात आलं, आता लागला माझा नंबर.

माय गेल्यावर कळवलं. दादा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "वंदू, मायनं माझं नाव काढलं का गं?"

"नाही. शुद्धच नव्हती तिला."

खोटं बोलले, दादा.

चांगली शुद्धीत होती. माझा हात धरून विचारलं तिनं, "वंदे, सुन्याले एकवीसच तास लागते का वं? कमी नाई होत?"

मी म्हणाले, नाही होत.

त्यानंतर माय छत्तीस तास जिवंत होती.

दादा, मला माफ करू नकोस, पण वाच.

माय, तुला विनम्र आदरांजली.
तुझी वंदी