दोनशे वॅटचा हीटर

बाबांना लकवा झाला तेव्हा मी कारध्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. विज्ञान शिकवणाऱ्याला एक खोड लागते, आपल्याला सगळं कळतं असं वाटायची. मला ती जरा जास्तच लागली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी हीटरला किंवा विजेला दोष देऊ नये.

आई कधीच गेली होती. भंडाऱ्यात दोन खोल्यांत मी आणि बाबा. बाबांनी सारी उमर राईस मिलच्या बॉयलरवर काढली, उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवायच्या कामावर. टाकीजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाणी किती तापलंय ते सांगायचे, आणि मिलमधले लोक त्यांच्या शब्दावर चालायचे. "आच देनं कोनालेही येते," असं म्हणायचे, "आच काढाले मानूस लागते." आता त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. घशातून फक्त एक 'हं' निघायचा. पाणी हवं तरी तोच, लघवी आली तरी तोच, राग आला तरी तोच. डावा हात मात्र हलायचा. तो कुठे वळतो ते बघून मी समजून घ्यायची. बहुतेक वेळा बरोबर समजायची.

शाळेतल्या एका बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी आपली माशांची काचेची टाकी मला दिली. दोन फूट लांब, आत चार एंजल, चपटे, अंगावर काळे उभे पट्टे. मी ती बाबांच्या खाटेसमोर टेबलावर ठेवली. मी शाळेत असताना शेजारच्या काकू दुपारी बाबांना पेज भरवायला यायच्या. त्या बघून म्हणाल्या, "अवं बाई, एवढे मासे पोसून राहिली, तं तळशील कधी?" आमच्याकडे गावोगाव तळी आणि बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी. मासा ही नुसती बघायची वस्तू आहे हे कोणाला पटवायचं?

पण बाबांना पटलं. दोन महिने छताकडे बघत पडलेला माणूस सकाळी उठल्याउठल्या टाकीकडे तोंड करून दे म्हणून हात आपटायला लागला. एंजलने पाण्यातला दाणा टिपला की बाबांच्या ओठाचा डावा कोपरा वर जायचा. पेजही दोन घास जास्त जायची. डॉक्टरांच्या गोळ्यांना जे जमलं नव्हतं ते या चार माशांनी केलं, आणि मी मनात ठरवूनच टाकलं की मासे आहेत तोवर बाबा आहेत. असा हिशेब शिकल्यासवरल्या बाईने करू नये. मी केला.

मग थंडी पडली. पाण्यातली तापमापकाची नळी पंधरा अंश दाखवायला लागली आणि मासे तळाशी जाऊन कोपऱ्यात उभे राहिले. एका आठवड्यात दोन मेले. बाबांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. चमचा ओठाला लावला की मान फिरवायचे. मी इतकी घाबरले की रविवारी पहिल्या बसने नागपूर गाठलं.

दुकानदार म्हातारा होता, बोलायला गोड. त्याने काचेच्या नळीतले दोन हीटर काऊंटरवर ठेवले, एक शंभर वॅटचा, एक दोनशेचा. "मॅडम, दोन फुटी टाकीले शंभर बस झाला. दोनशेचा कधी चालूच राहिला तं मासे शिजतीन." मग थर्मोस्टॅट काढले, पाणी हवं तेवढं तापलं की हीटर बंद करणारे. एकाच्या स्क्रूवर आकडे होते आणि तो तीस अंशांच्या पुढे फिरतच नव्हता. दुसरा बिनआकड्याचा, पाहिजे तेवढा आवळा. "हा आकड्याचाच घ्या," तो म्हणाला, "मानूस चुकते."

मी त्याला सांगितलं की मी पोरांना हेच शिकवते, गरम झाली की वाकणारी पट्टी आणि तुटणारं सर्किट, त्यामुळे माझी काळजी नको. आणि आमच्या नदीकाठची थंडी तुम्हाला नागपुरात बसून कळायची नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी थंडीने पोळले होते आणि थंडीशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं. दोनशेचा हीटर घेतला, बिनआकड्याचा थर्मोस्टॅट घेतला, आणि मेलेल्यांच्या जागी दोन नवे एंजल पिशवीतल्या पाण्यात घालून मांडीवर घेऊन आले.

घरी हीटर लावला तर पाणी तापेना. कारण उघड होतं. दिवसभर राईस मिली चालायच्या, बाकीच्या वेळी शेतातले पंप, आणि आमच्या घरापर्यंत व्होल्टेज यायचं ते उष्टं-खरकटं. बल्बची तार नुसती लाल व्हायची. पाणी वीस अंशांवर अडलं की मी स्क्रू थोडा आवळायची. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. असं करत तो शेवटपर्यंत गेला, आणि मरतुकड्या विजेवर पाणी कसंबसं पंचविसाला टेकलं. मासे मोकळे फिरायला लागले. बाबा पुन्हा खायला लागले. हीटरवरचा बारका लाल दिवा कधीच विझत नाही, हे मी बघत होते. पट्टी वाकून सर्किट तुटतं हे फळ्यावर लिहिणाऱ्या मला, ते आपल्या घरी का तुटत नाही असा प्रश्न पडला नाही.

आमच्या घराचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. आठला वाजला की मी वेणी घालायला बसायची. त्या सकाळी तो वाजलाच नाही. गावातल्या एका मिलमालकाच्या घरी मयत झाली म्हणून सगळ्या मिली बंद होत्या, हे मला नंतर कळलं. मनगटावरचं घड्याळ बघितलं तेव्हा पावणेनऊ झाले होते.

धावपळ सुरू झाली. बाबांना चहा पाजला, उजव्या कुशीवर वळवून टाकीकडे तोंड करून दिलं. त्यांनी डावा हात उचलला आणि वर बल्बकडे दाखवलं. हं. हं. बल्ब पांढराफेक जळत होता. कित्येक महिन्यांत खोलीत एवढा उजेड पडला नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्याची जुनी सवय. दिवसा दिवा दिसला की जन्मभर ओरडत आले होते.

"हो बाबा, करते बंद," मी म्हणाले आणि दिव्याचं बटण बंद केलं.

हात खाली आला नाही. तो टाकीकडे वळला, मग पुन्हा वर, मग खाटेच्या लाकडावर आपटायला लागला. मी अंगावर ओरडले, "काहून तरास देऊन राहिले? मले उशीर होऊन राहिला ना!" आणि दार ओढून सायकल काढली. वैनगंगेच्या पुलावर मला माझीच दया येत होती.

भोंगा नाही म्हणजे मिल बंद. मिल बंद म्हणजे सगळी वीज घरांकडे, आणि शेवटपर्यंत आवळलेला हीटर थांबणारच नाही. बाबांना बल्बकडे बघून ते कळलं होतं. सांगत होते ते एवढंच.

साडेपाचला परत आले तर काकूंनी दारातच अडवलं. "आज तुहे बाबा लयच जिद्दीवर आले होते. पेज खाल्ली नाई, वाटी फेकून देल्ली. मासेही वर तोंड काढून राहिले होते, भुकेले असतीन म्हनून म्या दाने टाकले."

टाकीच्या काचेला आतून वाफ धरली होती. चारही मासे आडवे तरंगत होते, डोळे पांढरे पडलेले. पाण्यात हात घातला. आंघोळीच्या पाण्याएवढं होतं. बाबा मी ठेवलं होतं त्याच कुशीवर होते, टाकीकडे तोंड करून. स्वतः वळता येत नव्हतं त्यांना. डावा हात खाटेबाहेर लोंबत होता, कोपर सुंभावर घासून सोललेलं, चादर रक्ताची. हीटरचं बटण त्यांच्या बोटांपासून वीतभर लांब होतं. त्यांना शॉक लागू नये म्हणून खाट मीच सरकवून ठेवली होती.

बटण बंद केलं आणि जमिनीवर बसून त्यांचा हात धरला. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही सांगत होते. मीच ऐकलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग डोळे मिटून घेतले.

त्यानंतर ते चौदा महिने जगले. भरवलं तेवढं खाल्लं, पाजलं तेवढं प्यायले, कपडे ओले झाले तरी गप्प पडून राहिले. डावा हात पुन्हा कधी उचलला नाही, आणि तो 'हं'ही नाही. डॉक्टरांनी हात तपासला आणि म्हणाले, ताकद आहे, काही बिघडलेलं नाही. मला ते ठाऊकच होतं. बाबांनी मला काही सांगायचंच सोडून दिलं होतं.