तो मुहूर्त माझाच होता

दिशा हेच ज्याचे वस्त्र, त्या महादेवाला वंदन करून, माझी विद्यार्थिनी वैशाली हिला जाऊन दीड महिना झाला त्यानिमित्त हे लिहितो.

बातमी तिच्या धाकट्या बहिणीने, नंदाने, फोनवर सांगितली. वैशाली सहवैमानिक असलेले छोटे खासगी विमान उतरता उतरता ढगांत झाकलेल्या डोंगरावर आदळले. आतले तिघेही गेले... समोर पंचांग उघडेच होते. सकाळी ते तिच्यासाठीच उघडले होते.

काल्हेरच्या तिच्या घरी मी चाळीस वर्षे पूजा सांगत आलो. वैशाली लहानपणी टेमघरला माझ्याकडे स्तोत्रे शिकायला येई. उच्चार स्वच्छ, प्रश्न अवघड. वैमानिक झाल्यावरही प्रत्येक उड्डाणाआधी तिचा फोन येई. "गुरुजी, तुमचा राहुकाळ सांगा, माझे ढग मी बघते." मी म्हणे, "दोन्ही बघ, बाय." ती हसे, पण विचारल्याशिवाय कधी गेली नाही.

तेराव्याला ओटीवर तिचे काका भावकीसमोर म्हणाले, "मुहूर्त न्हाय बगला पोरीनं, म्हनून झाला. आता नंदाचा विमानाच्या शालेत जाना बंद." नंदाचे प्रवेशपत्र देव्हाऱ्यापाशी होते. वडील मान खाली घालून बसलेले. सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले. मी नुसती मान डोलावली असती, तर माझे पंचांग निर्दोष राहिले असते.

मी उभा राहिलो. "तिने विचारले होते. 'वेळ शुभ आहे, निःशंक जा' असे मीच सांगितले. डोंगर ढगाआड होता. तो पंचांगात नसतो. गेलेल्या मुलीवर खोटे लादून जिवंत मुलीची वाट अडवाल, तर या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

"मंग गुरुजी, तुमच्यावर विश्वास कोन ठेवल?" काकांनी विचारले.

"नका ठेवू. नंदावर ठेवा."

वडिलांनी उठून प्रवेशपत्र नंदाच्या हातात दिले. पुढे काल्हेरच्या दोन घरांनी मला सांगितलेली वास्तुशांत दुसऱ्याकडे दिली. देवोत. मृत्यूला मी नमस्कार करतो. त्याच्या नावाने घातलेल्या भीतीला नाही.

गेल्या आठवड्यात, पहिल्या उड्डाणाआधी, नंदाचा फोन आला. "गुरुजी, राहुकाळ कधी?" मी पंचांग मिटले, काठी टेकत गच्चीवर गेलो, वर पाहिले. "टेमघरवर आकाश मोकळे आहे. तुझ्याकडचे तू बघ, बाय..."

वाचकहो, तुमच्या घरातून निघणारे प्रत्येक माणूस सुखरूप परत येवो. आणि त्याला उंबऱ्यावर न अडवण्याचे धैर्य तो दिगंबर तुमच्या घराला देवो.